राखून ठेवलेलं वाक्य

ब्रॉडवेवरच्या जुन्या नटांचा एक नेम आहे. भरलेल्या नाट्यगृहापुढे पहिला प्रयोग होईपर्यंत नाटकाचं शेवटचं वाक्य तोंडातून काढायचं नाही. काढलं की नाटक कोसळलंच म्हणून समजा. नव्या पोरांना याचं हसू येतं, पण हार्लन प्रुइटसमोर हसायची कुणाची टाप नव्हती. तालमीत ती जागा आली की वाक्याऐवजी तो त्या दिवशी जेवायला काय हवं ते सांगायचा. "भाजलेलं कोंबडं!" असं गरजायचा, आणि तालीम संपायची.

घरात हा नेम त्याच्या बायकोने, डेलने, लावला होता. लग्नापासून त्याचे सगळे संवाद तिनेच घोटून घेतले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून समोरच्या भूमिका ती वाचायची. राजा, दरोडेखोर, सासू, जे वाट्याला येईल ते. नवी संहिता आली की शेवटचं पान न वाचताच दुमडून त्याला केसातली पिन लावायची. ते वाक्य ती पहिल्या प्रयोगाला तिसऱ्या रांगेत बसून ऐकायची. त्याआधी नाही.

ओहायोतून बसने आलेला पोरगा हार्लन बशा विसळत विसळत रंगमंचावर चढला. मग सिनेमात गेला, तर तिथे अर्ध्या सिनेमाच्या आत त्याला गोळी घालायचे. "मरताना निदान एखादं वाक्य तरी देत जा म्हणावं त्या मेल्यांना," डेल म्हणायची. पुढे टीव्हीवर तो वर्षानुवर्षं पोलीस कॅप्टन झाला. त्यावर घर झालं, कोपऱ्यावरचा फळवाला सलाम ठोकायला लागला, पण नाटक सुटलं ते सुटलंच. दैव एका हाताने देतं आणि दुसऱ्याने नेतं म्हणतात. सत्तरी उलटल्यावर हार्लनला पुन्हा नाटकात नायकाचं काम मिळालं, आणि त्याच आठवड्यात डेलचा जुना कॅन्सर परत आला.

नाटक एका हट्टी घड्याळजीचं होतं. मुलगा गेल्यापासून हा माणूस घराबाहेर पडलेला नाही. शेवटी त्याची बायको पिशवी उचलून दारात उभी राहते, म्हणते, "मी निघाले. येतोस का?" त्यावर त्याचं वाक्य, आणि पडदा.

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी डेलने हॉस्पिटलच्या खाटेवर पडल्या पडल्या संहिता हातात धरली. आवाज दोऱ्याएवढा उरला होता.

"मी निघाले," तिने वाचलं. "येतोस का?"

हार्लनने तोंड उघडलं आणि मिटलं.

"अरे, म्हण ना."

"उद्या."

"या वेळी म्हणून टाक की. मी कुठे कुणाला सांगायला जातेय?"

"अपशकुन नको करूस, डेल. उद्या तिसऱ्या रांगेतून ऐक. चाकाच्या खुर्चीची सोय केलीय मी."

उद्या कुठली खुर्ची आणि कुठलं काय, हे तिला कळत होतं आणि त्यालाही. पण वाक्य आज म्हणायचं म्हणजे ते कबूल करायचं. तेवढं त्याच्याने होईना.

"बरं बाई," ती म्हणाली. "परत घेते. मी निघाले. येतोस का?"

"टोमॅटोचं सूप!"

ती हसली. हसता हसता खोकला लागला, तो बराच वेळ थांबला नाही. "जा आता, झोप," ती म्हणाली. "उद्या घसा बसला तर माझ्या नावाने खडे फोडशील."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची तालीम चालू असताना फोन आला. रंगवलेल्या तोंडानेच हार्लन टॅक्सीत बसला. तो पोचला तेव्हा डेल गेलेली होती.

"कॅप्टन," इव्हेट नावाची नर्स हळूच म्हणाली, "सकाळी मी त्यांना म्हटलं, पिन काढते, ते पान वाचून दाखवते. तर माझ्यावरच रागावल्या. म्हणाल्या, मला वाचून नकोय, त्याच्या तोंडून हवंय."

पिन जागच्या जागी होती. हार्लनने ती काढली. पान उलगडायची गरज नव्हती. तो खाटेवर टेकला, तिचा हात घेतला.

"थांब," तो म्हणाला. "कोट घेतो."

एवढंच वाक्य होतं. म्हणायला एक श्वास पुरला असता, आणि काल त्याने तेवढ्यात चिकटपणा केला होता.

संध्याकाळी तो नाट्यगृहात आला. सगळ्यांनी समजावलं, बदली नट कपडे घालून तयार होता. "घरी जाऊन काय करू?" हार्लनने विचारलं. आणि तो कपडे चढवायला गेला.

काम त्याने असं केलं की लोक रुमाल शोधत होते. शेवटी त्याच्या नाटकातल्या बायकोने, रूथअ‍ॅनने, पिशवी उचलली आणि दारात वळून म्हणाली, "मी निघाले. येतोस का?"

हार्लनची नजर तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर गेली.

"टोमॅटोचं सूप," तो म्हणाला.

विंगेत कुणीतरी कपाळावर हात मारला. प्रेक्षकांत एकजण हसला, मग सगळं नाट्यगृह हसलं. म्हातारा शेवटपर्यंत आपल्या जेवणालाच धरून बसला, असं त्यांना वाटलं. रूथअ‍ॅन मुरलेली बाई. तिने क्षणभर वाट पाहिली, एकटीच बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. तेव्हा हसू आपोआप विझलं. पडदा पडला आणि लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले.

विंगेत रूथअ‍ॅनने त्याचे दंड धरले. "हार्लन, वाक्य कुठे गेलं रे?"

"दिलं."

"कुणाला?"

"जिचं होतं तिला. दुपारी."

त्याने खुंटीवरचा नाटकातला कोट ओढला, पण हाताला बाही सापडेना. रूथअ‍ॅनने कोट धरला.

"उशिरा दिलं गं," तो म्हणाला. "उद्यापासून बरोबर म्हणेन. आता काय, रोजच म्हणायचंय."