खातेदाराचं नाव

"समज, मी बँकेतला माणूस आहे," तेमिरगाली म्हणाला. "बोला आजी, खातं कुणाच्या नावावर आहे?"

उर्कियाने चहात दूध ओतलं. "घरधन्याच्या."

"घरधन्याला काही नाव?"

"ते तुम्ही सांगा. तुमचंच आहे."

तेमिरगालीने कपाळाला हात लावला. शहराच्या हीटिंग प्लांटात त्याने चौतीस वर्षं गंजलेले नट सोडवले होते, पण बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव काही सुटेना. कझाक सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं घेत नाही, नवऱ्याचं तर नाहीच. तेमिर म्हणजे लोखंड, म्हणून उर्किया लोखंडालाही 'काळं' म्हणायची. त्यात यांचं गाव तेमिरताऊ, लोखंडाचा डोंगर! कारागांडाहून परतताना ती बसमध्ये काळ्या डोंगराचं तिकीट मागायची, आणि ओळखीचे ड्रायव्हर हसू दाबून द्यायचे.

मार्चमध्ये डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून "कागदपत्रं नीट करून ठेवा" म्हटलं, तोवर ही सगळी गंमतच होती. आता तेमिरगालीला झोप येईना. तीन बँकांत तीन खाती, पेन्शन फंडातली पुंजी वेगळी, सगळं त्याच्या एकट्याच्या नावावर. पुंजी फंडातच ठेवून दरमहा थोडी थोडी घ्यायची आणि उर्कियाला अधिकारपत्र द्यायचं, असा त्याचा बेत होता. पण अधिकारपत्र देणाऱ्याबरोबरच संपतं, असं नोटरीने सांगितलं. मग वारसाचे कागद, सहा महिने थांबणं, आणि प्रत्येक खिडकीवर हाच प्रश्न.

"मी गेल्यावर काय करशील?"

"चिठ्ठीवर लिहून देईन."

"आणि फोनवर विचारलं तर?"

"उपाशी राहीन!"

"अगं, काय हा हट्ट! आता कोणती सासू बसलीय ऐकायला?"

उर्कियाने किटली खाली ठेवली. "त्यांनीच सांगितलं होतं. बायकोनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य झिजतं. खरं-खोटं देव जाणे. पण प्लांटातला बॉयलर फुटला तेव्हा तुम्ही चालत घरी आलात. एक्केचाळीस वर्षं जपलंय मी, आणि आता डॉक्टर असं म्हणतोय तेव्हाच सोडू?"

बॉयलर फुटला त्या दिवशी आपण नशिबाने वाचलो, असंच तेमिरगाली आजवर सगळ्यांना सांगत आला होता. त्या नशिबासाठी घरात कुणी इतकं राबत होतं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याने कप पुढे केला. "चहा दे," एवढंच तो म्हणाला.

आठवड्याभरात त्याने तिन्ही खाती मोडली. फंडातली पुंजी लहान असल्यामुळे एकरकमी काढता येत होती, तीही काढली. धाकटा भाऊ फोनवर खो-खो हसला. "सगळं वहिनीच्या नावावर? उद्या सिगरेटला तिच्यापुढे हात पसरशील!"

"डॉक्टरांनी सिगरेट सोडायलाच सांगितलंय," तेमिरगाली म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

बँकेतली मुलगी मात्र काळजीत पडली. "आजोबा, सगळी रक्कम आजींच्या एकट्यांच्या खात्यात? मग तुम्हाला हात लावता येणार नाही हं. पुन्हा विचार करा."

"अगं पोरी, घर तिनं चालवलं. मी फक्त गरम ठेवलं."

मुलगी हसली आणि उर्कियाकडे वळली. "आजी, खातेदाराचं पूर्ण नाव सांगा."

उर्किया ताठ बसली. तिने पदवीप्रदानाला जावं तसा नवा मखमली कोट घातला होता. "उर्किया बैमुखानोवा," ती खणखणीत म्हणाली. आडनाव माहेरचं होतं, लग्नानंतर तिने ते बदललंच नव्हतं. रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

तेमिरगालीनेही पाहिलं. तो तिला लग्नापासून 'बायबिशे' म्हणत आला होता, नुसतं 'घरधनीण'. हे नाव त्याच्या घरात कुणी मोठ्याने उच्चारल्याचं त्याला आठवेना.

"पुन्हा एकदा सांग," तो म्हणाला. "त्यांना नीट ऐकू आलं नाही."

मुलीने तर नाव केव्हाच टाइप केलं होतं.