तिसरं प्रकरण

भक्ती दुपारी झोपते ती जेमतेम चाळीस मिनिटं. तेवढ्यात मी प्रबंधाचं तिसरं, शेवटचं प्रकरण लिहायचे. इंग्रजीतली सर्वनामं आली कुठून, हा माझा विषय. पहिली दोन प्रकरणं लग्नाआधी, दिल्लीत मुनिरकाच्या भाड्याच्या खोलीत झाली. 'दे' हा शब्द तर मूळचा इंग्रजांचा नाहीच, समुद्रापलीकडून येऊन वसलेल्या नॉर्स लोकांकडून घेतलेला. उरली 'शी'. जुन्या इंग्रजीत 'तो' आणि 'ती' झिजत झिजत इतके सारखे झाले, की काही भागांत वेगळे ओळखू येईनात. मग ही 'शी' कुठून उगवली, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला एक वाट दिसू लागली होती.

माझा नवरा साकेत नोएडाच्या ऑफिसमधून फोन करायचा, "आज कुठली शी, तुझी की लेकीची?"

"दोन्ही. ठेव आता."

माझ्या गाईड सुनंदा मॅडम मूळच्या पुण्याच्या. पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "लग्न करायचंय ना? बघ बाई. माझ्या तीन विद्यार्थिनींचे प्रबंध पाळण्यात बुडाले." म्हणून दिवस राहिले तेव्हा मी त्यांना सांगितलंच नाही. मीटिंगा ऑनलाइन. लॅपटॉप उशांवर ठेवला, की मी खांद्यापासून वरच दिसायचे. सातव्या महिन्यात अहवाल दिला. बाळंतपणानंतर तेविसाव्या दिवशी पुन्हा मीटिंगला बसले. खाली भक्ती दूध पीत होती.

"छान चाललंय गं तुझं," मॅडम म्हणाल्या. मला केवढा अभिमान वाटला.

आता प्रबंध द्यायची मुदत संपायला आठच दिवस राहिले. जन्मदाखला घेऊन, भक्तीला काखोटीला मारून मी विभागात गेले. बाळंतपणाची मुदतवाढ मागितली. क्लार्कने फाईल उलटली.

"मैडम, उन महीनों की तो सारी मीटिंगों में हाज़िरी लगी है. छुट्टी ली ही नहीं, तो एक्स्टेंशन किस बात का?"

मॅडमच्या खोलीत गेले. त्या भक्तीकडे बघतच राहिल्या.

"किती महिन्यांची?"

"अकरा."

"म्हणजे त्या सगळ्या मीटिंगांना..." त्यांनी चष्मा काढला. "अगं, सांगायचंस ना! मी रजा लावून दिली असती. चांगले आठ महिने मिळाले असते तुला."

"तुम्हीच म्हणाला होतात, पाळण्यात..."

"त्या तिघी अभ्यास सोडून गेल्या याचं वाईट वाटून बोलले होते गं मी." भक्तीने त्यांचं बोट धरलं. त्यांनी ते सोडवलं नाही. "आता तू रजेवर होतीस असं लिहिलं, तर माझ्याच सह्या खोट्या ठरतात. आठ दिवसांत होईल?"

निम्मं प्रकरण बाकी होतं. मी मान हलवली, नाही म्हणून.

मेट्रोत बायकांच्या डब्यात एका आजींनी सरकून जागा दिली, भक्तीला मांडीवर घेतलं. माझ्या हातातली फाईल बघून म्हणाल्या, "पढ़ती हो बेटा?"

"पढ़ती थी," मी म्हटलं.

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि भक्तीला खिडकीबाहेरची यमुना दाखवू लागल्या.