डॉक्टर आत आहेत

फोनवर बाबांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्याकडे बाथरूमला दार आहे ना?"

"आहे की," ती म्हणाली आणि म्हणता म्हणता तिने दाराकडे पाहिलं. दार होतं. खालून कुजलेलं, वरून फुगलेलं, आणि इतकं अरुंद की पोटभर जेवल्यावर नवऱ्याला तिरकं होऊन आत शिरावं लागे. बाबांचा वॉकर त्यातून जाणं शक्यच नव्हतं.

दोन महिन्यांपूर्वी बाबा दादाकडे बाथरूममध्ये पडले होते. कडी आतून. दादाने दार फोडून त्यांना बाहेर काढलं आणि त्या दिवसापासून दार लावायचंच नाही असा फतवा काढला. बाबा आत, दादा बाहेर स्टूल टाकून राजकारणावर बोलत बसलेला. धसका दादाने घेतला, शिक्षा बाबांना झाली. परवा वहिनीने हळूच सांगितलं, "बाबांनी पाणी पिणंच सोडलंय गं. जायलाच नको म्हणून."

बाबा रविवारी इकडे राहायला येणार होते. आज सोमवार. घर दोन खोल्यांचं, त्यांच्यापेक्षा वयाने मोठं, आणि हाताशी जे पैसे होते त्यात एक दार आणि थोडी हिंमत एवढंच बसत होतं.

जुन्या सामानाच्या बाजारात नवरा गेला. संध्याकाळी टेम्पोतून दारासकट उतरला, तो लढाई जिंकून आल्यासारखा.

"दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद झाला, तिथलं आहे. अर्ध्या किमतीत!"

दार पांढरं, भक्कम आणि ऐसपैस होतं. वरच्या बाजूला पत्र्याची पाटी होती. 'डॉक्टर' हा शब्द कायमचा, आणि त्यापुढे एक सरकती पट्टी. ती इकडे केली की 'आत आहेत', तिकडे केली की 'बाहेर आहेत'.

"रुंदी मोजली होतीस?" तिने विचारलं.

"दाराची मोजली."

"आणि भिंतीची?"

"भिंत घरीच होती ना."

"कडी कुठंय?"

"कडी त्यांनी वेगळी विकली."

मंगळवारी गवंडी आला. त्याने दाराकडे पाहिलं, चौकटीकडे पाहिलं, परत दाराकडे पाहिलं. "दार मोठं आहे, ताई."

"मग?"

"मग भिंत लहान करू."

दीड तास त्याने मन लावून भिंत लहान केली. मग त्याला फोन आला. थापी विटांच्या ढिगात खोचून त्याने हात झटकले आणि म्हणाला, "येतो."

जाणारा माणूस 'येतो' म्हणतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पण भिंतीला भगदाड पडल्यावर हा शब्द फार नीट ऐकू येतो.

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी फोनवर म्हणाला, "निघालोच, ताई," आणि त्याच्या मागे दुसऱ्याच कुणाच्या तरी भिंतीवर हातोडा पडत होता. भगदाडावर चादर टांगली होती. आत कुणी आहे हे कळावं म्हणून आंघोळीला गेलेल्याने गाणं म्हणायचं असं ठरलं. नवऱ्याला दोनच गाणी येत होती आणि दुसऱ्याचं फक्त धृपद. तिला कुठे बसवेना. टेप घेऊन तिने भगदाड मोजलं, पाणी पिऊन आली, परत मोजलं, जणू मधल्या वेळात ते स्वतःहून शहाणं होणार होतं. केर काढला. पाच मिनिटांनी पुन्हा काढला. धूळही 'येतो' म्हणून जात होती, फक्त ती दिलेला शब्द पाळत होती.

शुक्रवारी हार्डवेअरच्या दुकानदाराने गवंड्याच्या दुसऱ्या कामाचा पत्ता दिला. दोन गल्ल्या पलीकडे एका घरात ओटा अर्धा फोडलेला होता आणि सिमेंटच्या पोत्यावर एक काकू बसल्या होत्या. मांडीवर लांब लेवलपट्टी, आतला बुडबुडा मधोमध स्थिर. घरात तेवढीच एक गोष्ट शांत होती.

"गवंडी आहेत का?"

काकूंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. "तुम्हालाही 'येतो' म्हणाला?"

"मंगळवारी."

"मला गेल्या शनिवारी. ही पट्टी टाकून गेलाय. मागू नका हां, त्याची तेवढीच वस्तू आहे माझ्याकडे."

"माझ्याकडे थापी आहे."

एकाच माणसाने फसवलेल्या बायका बघतात तशा दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"मग तो काम कशाने करतोय?" तिने विचारलं.

"तिसरीकडे घमेलं असणार," काकू म्हणाल्या. त्या उठल्या, साडी झटकली आणि त्याला फोन लावला. "ऐक. तुझी थापी आणि तुझी पट्टी उद्या सकाळपासून एकाच घरात असतील. हवी असतील तर ये. 'येतो' म्हणू नकोस. ये."

शनिवारी सात वाजता गवंडी दारात. म्हणजे भगदाडात.

"ताई, हत्यारं अशी ओलीस ठेवू नयेत. आमच्यात वाईट मानतात."

"तुम्ही येतो म्हणाला होतात."

"आलो की! कधी ते कुठं म्हणालो होतो?"

काकू पट्टी घेऊन आल्या, खुर्चीत बसल्या आणि दिवसभर उठल्या नाहीत. चौकट बसली, सिमेंट भरलं, दार टांगलं. दर तासाला काकू म्हणायच्या, "बुडबुडा बघ." तो बघायचा. संध्याकाळी काकूंनी त्याला थापी-पट्टीसकट दंडाला धरून आपल्या ओट्याकडे नेलं.

जाता जाता तो ओरडला, "कडीचं मात्र सुतार बघेल! सोमवारी येतो म्हणालाय!"

तिने डोळे मिटून घेतले.

रविवारी नवऱ्याने बाबांना आणलं. वॉकर टेकत ते थेट बाथरूमपाशी गेले. चष्मा सारखा केला. पाटी वाचली. पट्टी एकदा इकडे, एकदा तिकडे करून पाहिली.

"कडी नाहीये, बाबा," ती घाईघाईने म्हणाली. "उद्या सुतार..."

"कशाला? कडीनंच तर घोळ केला होता." त्यांनी 'आत आहेत' लावलं. "आता नंबर लागेपर्यंत कुणी यायचं नाही."

वॉकर आरामात आत गेला. दार लागलं.

ती बाहेर उभी राहिली. नळाचा आवाज आला, थांबला. मग काहीच नाही. आत जमीन ओली असेल का? पायपुसणं सरकलं तर? पायाला काहीतरी लागलं म्हणून तिने खाली पाहिलं. तिने स्वतःच, नकळत, पायाने स्टूल ओढून दारापाशी आणलं होतं. अगदी दादासारखं. आता फक्त राजकारणावर बोलायचं बाकी होतं.

तिने स्टूल परत ढकललं.

"बाबा?"

"आलोच."

या घरात असे शब्द गेले सहा दिवस कवडीमोल झाले होते. 'आलोच' म्हणजे चार दिवसही असू शकत होते. तिने दारावर हात ठेवला. कडी नाही. नुसतं बोट लावलं तरी उघडलं असतं. नवरा खोलीच्या टोकाहून मान हलवत होता, उघड म्हणून की नको म्हणून ते त्यालाही ठरवता येत नव्हतं.

समोर नाकापाशी पाटी होती. आत आहेत.

तिने हात काढला. ओट्यापाशी गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला घेतले. एक कप धुतला. दोन. तिसरा दोनदा धुतला. मागे काही वाजेना.

मग टुक. वॉकरचा पाय. टुक, टुक. दार उघडलं, आणि पट्टी खडकन सरकली. ती वळली तेव्हा पाटीवर 'बाहेर आहेत' होतं आणि बाबा घामेजलेले, ताठ उभे होते.

"पाणी दे गं," ते म्हणाले. "मोठा ग्लास."