दारामागचा तक्ता

त्या खोलीत तिघी राहायच्या आणि तिघींच्या तब्येतीचा ठेका त्यातल्या एकीनेच घेतला होता. अख्खं वसतिगृह तिला हेडबाई म्हणायचं. तोंडावर म्हणायचं, आणि वर तिला ते आवडायचं.

हेडबाईने दारामागे एक तक्ता चिकटवला होता. झोप सात तास, पाणी आठ पेले, नाश्ता, दोन वेळचं जेवण, अर्धा तास चालणं आणि शेवटी ‘मन मोकळं केलं का?’ हा प्रश्न. तो तिने कॉलेजातल्या कुठल्याशा व्याख्यानात ऐकून घातला होता. प्रत्येकीने रोज निळ्या पेनाने आपापल्या चौकटीत बरोबरची खूण करायची. लाल पेन हेडबाईकडे. चुकलेल्या चौकटीला गोल करायला.

लाल शाई संपत आली होती ती एकट्या मांजरीपायी.

मांजर म्हणजे भिंतीकडच्या खाटेवरची मुलगी. जेवली की दुपारी झोपायची, म्हणून हे नाव. तिचा रकाना बघितला की हेडबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खुणा करायच्या सोडून ही बया वाक्यं लिहायची. ‘चालले नाही, कंटाळा आला.’ ‘पाणी तीन पेले.’ आणि मन मोकळं करण्याच्या चौकटीत, ‘रडले. दहा मिनिटं. बरं वाटलं.’

“अगं, हा तक्ता आहे की तुझी डायरी?” हेडबाई करवादली.

“तूच विचारलंस ना? मग मी सांगितलं,” मांजर म्हणाली आणि कूस बदलून पडली. तिसरी मुलगी, रेडिओ, हसायला लागली आणि मग बराच वेळ बोलतच राहिली. तिला बंद करायचं बटण कुणालाच सापडलेलं नव्हतं.

हेडबाईचा जीव खालीवर होत होता तो उगाच नाही. तिघी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. पुढच्या सोमवारपासून त्यांना रुग्णालयाच्या वॉर्डात कामाला उभं राहायचं होतं. त्यासाठी कॉलेजच्या डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचा दाखला लागत होता. दाखला नसेल तर पंधरा दिवसांनी दुसऱ्या तुकडीत, आणि तेव्हाही नसेल तर थेट सहा महिन्यांनी. रेडिओने दाखला कधीच आणला होता. राहिल्या दोघी. मांजरीला डॉक्टर नापास करणार याबद्दल हेडबाईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

स्वतःची काळजी तिला नव्हती. तिचा रकाना कसा लखलखीत होता! पट्टी धरून केल्यासारख्या एकसारख्या खुणा. त्यातली मेख एवढीच की त्या सगळ्या ती रविवारी सकाळीच करून टाकायची, येत्या शनिवारपर्यंतच्या. फसवण्याचा हेतू अजिबात नव्हता. पुढारीपण करणाऱ्या बाईची चौकट रिकामी दिसली तर बाकीच्या ऐकतील कशाला? आधी खूण करायची आणि मग त्याप्रमाणे वागायचं, असा तिचा हिशोब. वागायचं तेवढं राहून जायचं.

मागच्या सत्रात तिचा एक पेपर राहिला होता. खोलीत सांगितलं नव्हतं, घरी तर नाहीच. तेव्हापासून ती पहाटे तीनला उठून बसायची आणि दिवसभर चहा-बिस्किटांवर काढायची. पॅन्टला सेफ्टी पिन लावावी लागली तेव्हा तिने शिंप्याला शिव्या घातल्या. कंगव्यात केसांचे पुंजके आले तेव्हा वसतिगृहाच्या पाण्याला. जिना चढताना धाप लागायची त्याला मात्र दोष द्यायला कुणी सापडलं नव्हतं.

आणि रोज दुपारी एकला आईचा फोन. “जेवलीस का गं?”

“हो गं आई, जेवले,” ही पुस्तकातून मान वर न करता म्हणायची.

मंगळवारी सकाळी तिने मांजरीला अक्षरशः ओढत कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. रांगेत तिची उजळणी घेतली. “डॉक्टरांनी विचारलं तर सात तास झोपते म्हणायचं. रडण्याचं तर नावही काढायचं नाही. कळलं का?”

शिकलेली सवय म्हणून मांजरीने हेडबाईचं मनगट धरलं होतं आणि ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती.

“एकशे बारा,” ती हळूच म्हणाली. “बसून आहेस तू, हेडबाई.”

“तुझ्यामुळेच वाढलेत ठोके!” हेडबाईने मनगट सोडवून घेतलं.

मांजरीचं पाच मिनिटांत आटोपलं. डॉक्टरीणबाईंनी झोपेचं विचारलं तर ही म्हणाली, “रात्री साडेपाच तास, दुपारी एक.” मनाचं विचारलं तर म्हणाली, “महिन्याभरात चारदा रडले, मग मैत्रिणीशी बोलले.” हेडबाईने कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरीणबाईंनी चालायला जा म्हणून दम दिला आणि दाखल्यावर सही केली.

मग हेडबाई काट्यावर चढली. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला, काट्याकडे बघितलं, पुन्हा कागदाकडे बघितलं. चार महिन्यांत सात किलो कमी. नाडी घेतली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, हात पुढे धरायला सांगितले. बोटं थरथरत होती.

“बाळ, तुझा दाखला मी आज देणार नाही.”

“काहीतरी चुकतंय तुमचं,” हेडबाई म्हणाली. “मी रोज सात तास झोपते. आमच्या खोलीत तक्ता आहे. हवं तर हिला विचारा!”

मांजरीने जमिनीकडे बघितलं. “डॉक्टर, ती आठवड्याच्या खुणा रविवारीच करते.”

हेडबाईला वाटलं, हिचा गळाच धरावा. इतके दिवस जिच्या पाण्याचे पेले मोजले, ती अशी उलटली!

“शेवटचं पोटभर कधी जेवलीस?” डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

सोपा प्रश्न होता. काल म्हणावं, तर काल बिस्किटं. परवा म्हणावं, तर परवाही बिस्किटं. ती आठवत राहिली, आणि आठवता आठवता तिला रडू कोसळलं. नाक पुसत, चिडत, पेपरापासून सेफ्टी पिनेपर्यंत सगळं तिने सांगून टाकलं. तिला भयंकर लाज वाटली. डॉक्टरीणबाईंनी रक्ताच्या तपासण्या लिहिल्या, समुपदेशकांची गुरुवारी अकराची वेळ ठरवली आणि पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. “आजारी माणसाला उचलायचंय तुला. स्वतःच पडलीस तर दोघांना कोण उचलणार?”

खोलीत आल्यावर हेडबाई तक्त्यासमोर उभी राहिली. आज मंगळवार, आणि तिच्या खुणा शनिवारपर्यंत. लाल पेन घेऊन ती एकेका चौकटीला गोल करत सुटली. बुधवारच्या चालण्यापाशी शाई संपली.

मांजरीने निळं पेन पुढे केलं. हेडबाईने ते हिसकावूनच घेतलं आणि आजच्या शेवटच्या चौकटीत लिहिलं, ‘रडले. दवाखान्यात. सगळ्यांसमोर.’

“किती मिनिटं?” मांजरीने विचारलं.

“मी मोजली नाहीत, बावळट!”

“बरं, बरं. ताट वाढून आणते तुझं. तोंड धू.”

मांजर गेली आणि एक वाजता फोन वाजला. आईने रोजच्यासारखंच विचारलं, “जेवलीस का गं?”

‘हो गं’ अगदी जिभेवर आलं होतं. हेडबाईने दारामागे बघितलं.

“नाही, आई,” ती म्हणाली. “खूप दिवसांत नाही जेवले. तुला वेळ आहे का थोडा?”