सासरेबुवा आणि लाल फुली

एमआरआय विभागात तिला सगळे आत्या म्हणत. फार वर्षांपूर्वी तिचा भाचा सहा महिने तिथे शिकायला होता. तो गेला, पण त्याची हाक मागे राहिली आणि डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली.

यकृत मऊ आहे की निबर झालंय ते मोजायचं स्कॅन हा तिचा हातखंडा. पोटात सुई न खुपसता हे कळतं. उजव्या बरगड्यांवर बशीएवढी चपटी तबकडी बांधायची. नळीतून येणाऱ्या हवेने ती थरथरते, ती थरथर यकृतात लाटांसारखी पसरते आणि मशीन त्या लाटांचं चित्र काढतं. सगळी मेख तबकडीच्या जागेत. आत्या बरगड्या चाचपायची, शाईचं टिंब काढायची, पट्टा आवळायची, मग काचेपलीकडे बसून चित्रासाठी यकृताचे छेद, म्हणजे आडवे काप, कुठे घ्यायचे ते ठरवायची. वीस मिनिटं सहज जायची. विभागात दुसऱ्या कुणाला हे धड जमत नसे, आणि ते लोकांनी बोलून दाखवलेलं आत्याला मनापासून आवडायचं.

म्हणून छताला कॅमेरा लागला, तेव्हा तिचं नाक मुरडलं गेलं.

कॅमेरा बसवायला आलेली इंजिनिअरबाई हसतमुख होती. "आत्या, हा अंगाची ठेवण बघतो आणि तबकडीच्या जागी लाल उजेडाची फुली पाडतो. छेदही स्वतःच ठरवतो. श्वास कधी धरायचा तेही सांगतो. तुम्ही फक्त बघायचं."

"फक्त बघायला मी काय पाहुणी आहे?" आत्या म्हणाली.

मग पैज लागली. दवाखान्यातलीच दहा माणसं झोपवायची. आधी आत्या टिंब काढणार, मग कॅमेरा फुली पाडणार. नऊ जणांच्या वेळी टिंब आणि फुली जवळजवळ एकावर एक पडली. दहावे कॅन्टीनचे आचारी. त्यांचं पोट म्हणजे त्यांच्या कामाची चालतीबोलती जाहिरात. आत्याने बराच वेळ चाचपलं. आचारी गुदगुल्यांनी खिदळत राहिले. शेवटी टिंब पडलं, आणि फुली त्याच्या चांगली दोन बोटं वर.

"चुकलं तुझं यंत्र!" आत्या टाळी वाजवून म्हणाली.

दोन्ही जागी स्कॅन केलं. आत्याच्या जागेवरून लाटा अर्ध्या वाटेत विरल्या होत्या. फुलीच्या जागेवरून यकृतभर पसरल्या होत्या, कंगव्याने विंचरल्यासारख्या. आत्या पडद्याकडे पाहतच राहिली. कानाची पाळी गरम झाली. मग तिला स्वतःचंच हसू आलं.

"चरबीखाली बरगडी मोजायला चुकले मी," ती म्हणाली. "पण तुझ्या यंत्राचं एक सांगू? बोलणं अगदीच भिकार आहे."

ते मात्र खरं होतं. यंत्र म्हणायचं, "कृपया उच्छ्वास करून श्वसन स्थगित करा." निम्मी माणसं ऐकून गोंधळायची, उरलेली नेमका त्याच वेळी खोल श्वास घ्यायची. चित्रं हलायची. दोन दिवस हा तमाशा पाहून इंजिनिअरबाईने आत्यापुढे माइक ठेवला. आत्याने घसा खाकरला आणि रोज म्हणायची तसंच म्हटलं, "श्वास सोडा... सोडा... आता थांबा. अगदी दगडासारखं पडून राहा... झालं, घ्या श्वास." दुसऱ्या दिवसापासून चित्रं हलायची थांबली.

त्या आठवड्यात रात्री जेवताना तिने हे सगळं घरी रंगवून सांगितलं. सासरे ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यकृताला चरबी दिसली होती आणि डॉक्टरांनी हेच स्कॅन सांगितलं होतं. तेव्हापासून ते टाळत होते. कधी सर्दी, कधी पाठ, कधी 'पुढच्या महिन्यात बघू'. गोड सोडलं, रोज चालू लागले, पण स्कॅनचं नाव काढलं की वर्तमानपत्रात तोंड. आत्याला वाटायचं, घाबरतायत.

"म्हणजे आता कुणी चाचपत नाही?" त्यांनी ताटाकडे बघत विचारलं.

"नाही बाबा. फुली पडते. तबकडी कुणीही ठेवू शकतं."

"मी ठेवली तर?"

आत्याचा घास हातातच राहिला. सासरे आणखीच खाली बघू लागले. "अगं, सुनेसमोर सदरा वर करून पडायचं, तिने बरगड्या मोजायच्या... नाही गं जमत मला. आणि ते येतं फक्त तुलाच, असं सगळे सांगतात."

दोन वर्षं! तिला एवढं साधं कळू नये? ज्या कौतुकाने ती फुलायची, त्यापायीच तिचे सासरे दवाखान्याच्या दारापासून परत फिरत होते. तिने पुढची पोळी त्यांना वाढली आणि म्हणाली, "उद्या दहा वाजता. चार तास आधी काही खायचं नाही."

सासरे इस्त्रीचा सदरा घालून हजर झाले. आत्या काचेपलीकडेच बसली. खोलीतल्या मदतनीस मामांनी त्यांना पातळ गाऊन दिला आणि टेबलावर झोपवलं. गाऊनवर लाल फुली उमटली. सासऱ्यांनी तबकडी दोन्ही हातांनी धरून त्या फुलीवर अशी ठेवली, जणू पाकिटावर तिकीट चिकटवतायत. मामांनी पट्टा आवळला. टेबल आत सरकलं, छेदांच्या रेषा पडद्यावर आपोआप बसल्या.

"श्वास सोडा... आता थांबा," आत्याचा आवाज आला.

"थांबलो गं, सूनबाई," आतून उत्तर आलं.

चित्र हललं. आत्याने माइकचं बटण दाबलं. "बाबा, ते रेकॉर्डिंग आहे. त्याला उत्तर द्यायचं नाही."

"बरं."

"बरंसुद्धा म्हणायचं नाही."

शांतता.

"ऐकलंत ना?"

शांतता.

"बाबा? बरे आहात ना?"

"तूच म्हणालीस ना, बोलू नका! नक्की काय करू ते एकदा ठरव!"

मामा भिंतीकडे तोंड करून हसत होते. इंजिनिअरबाईने तोंडावर फाइल धरली होती. दुसऱ्या खेपेला मात्र सासरे दगडाहून दगड झाले. लाटा यकृतभर शांतपणे पसरल्या. सात मिनिटांत सगळं आटोपलं.

डॉक्टरांनी चित्र पाहिलं. "चरबी आहे थोडी, पण यकृत छान मऊ आहे. चालणं सोडू नका."

गाऊनची नाडी सोडता सोडता सासऱ्यांनी दोनदा डोळे पुसले आणि एसीला शिव्या घातल्या. मग उपाशी पोटी कॅन्टीन गाठलं आणि चहाच्या पहिल्या घोटाबरोबर फिरायला येणाऱ्या एका मित्राला फोन लावला. आत्या शेजारीच बसली होती.

"अरे, झालं माझं! कुणी हात लावत नाही, काही नाही. फुली पडते, तबकडी आपली आपण ठेवायची. हो, आवाज सुनेचाच आहे. ओरडते थोडी. पण यंत्र चांगलं आहे."

"ओरडते?" आत्या म्हणाली.

सासऱ्यांनी फोनवर हात ठेवला. "मग? दगडासारखं पडा म्हणालीस की नाही मला?"

सोमवारी सकाळी विभागाच्या दाराशी सासऱ्यांच्या फिरायच्या गटातले तिघं आजोबा रांगेत उभे होते. तिघांच्या हातात हेच स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांच्या जुन्या, घड्या पडलेल्या चिठ्ठ्या होत्या. एकीवरची तारीख चार वर्षांपूर्वीची होती. आत्याने ती वाचली, आजोबांकडे पाहिलं आणि मामांना म्हणाली, "तीन गाऊन काढा."