चार बोटं काठ

वाकळ शिवावी तर धुरपदाबाईनंच, असं सगळं बोरी गाव म्हणायचं. न म्हणणाऱ्या दोघीच होत्या. त्यातली एक वारली आणि दुसरीनं अखेर लेकीची वाकळ धुरपदाबाईकडूनच शिवून नेली. अशी ही बाई तीन दिवस झाले मांडीवर कापड घेऊन बसली होती आणि तिला साधा काठ ठरवता येईना. काठ किती बोटं घ्यायचा, एवढाच सवाल. शेजारची कमलबाई येता-जाता हसायची. "काय गं, वाकळ शिवायलीस का अंडी उबवायलीस?"

वाकळ होती थोरल्या लेकीच्या, कस्तुराच्या लेकरासाठी. कस्तुरा बाळंतपणाला माहेरी आली होती. पोरगं आता तीन महिन्यांचं झालं होतं आणि येत्या आठवड्यात मायलेकरं मानवतला सासरी निघायची होती. पहिलं नातवंड आजोळाहून जाताना आज्याच्या कपड्यांची वाकळ घेऊन जातं, ही या घराची रीत. आजा, म्हणजे सुग्रीव, जाऊन वर्ष झालं होतं. त्याची दोन धोतरं आत घातली, वरून धुरपदाबाईनं आपलं हिरवं लुगडं घातलं, आणि काठाला घ्यायचा होता सुग्रीवचा लाल पटका. आजा नसला तरी त्याचा पटका चारी बाजूंनी लेकराच्या राखणीला बसतो, असं बाया मानत.

हा पटका काढून मोजला आणि धुरपदाबाईचं डोकंच फिरलं. मानवतच्या बाजारातून घेतला तेव्हा चांगला दहा हात होता. तिनं स्वतः मोजून घेतला होता. आता भरला सात हात! मग तिला आठवलं. दीड वर्षामागं पटका आखूड दिसला म्हणून तिनं नवऱ्याला विचारलं होतं, तर म्हणाला, "ढवळ्याच्या खुराला लागलं व्हतं, फाडून बांधला." दोन दिवस भांडली होती ती. "बैलाला लाल पटका? त्याचं लगीन लावायलाव का?" सुग्रीव नुसता मिशीत हसला होता. त्या सालात त्याला बैलांचं वेडच लागलं होतं म्हणा. नवा बैल बघायला म्हणून तीनदा पूर्णेला गेला आणि तिन्हीदा हात हलवत परत आला.

तर पटका सात हात. त्यातही मधलं अंग घामानं विरून पार चाळणी झालेलं. दोन्ही कडांनी वीत-वीतभर कापड तेवढं धडधाकट होतं. म्हणजे वीतभर रुंदीच्या दोन पट्ट्या, सात आणि सात, चौदा हात. वाकळ चार हात लांब, तीन हात रुंद. तिच्या भोवतीचा फेरही बरोबर चौदा हात. काठ वरून चार बोटं घ्यायचा, खालून चार बोटं दुमडायचा, कडा आत मुडपायच्या, की वीतभर कापड संपलं. चार बोटं काठ केला तर सगळं नीट बसत होतं आणि मागं दोराही उरत नव्हता.

आणि धुरपदाबाईला उरायला हवं होतं. तिला दोन लेकी होत्या.

धाकटीचं नाव गीता. पाच वर्षांमागं घरचे सगळे ऊसतोडीला गेले होते. तिथं शेजारच्या टोळीत नागनाथ नावाचा पोरगा होता. बौद्धवाड्यातला, दहावी झालेला, विद्यापीठाच्या नावासाठी निघालेल्या मोर्चात दोनदा जेलात जाऊन आलेला. हंगाम संपला तेव्हा गीता टोळीबरोबर गावी परतली नाही. त्याच्याशी लग्न करून पूर्णेला राहिली. तिथं नागनाथला रेल्वेत काम लागलं. इकडं बोरीत त्या नावाच्या झगड्यानं आधीच दोन तट पडलेले, माणसं एकमेकांच्या सावलीकडं बघून चालायची. भावकी दारात येऊन बसली. सुग्रीवनं चार माणसांपुढं शपथ घातली, "आजपसून ह्या घरातली चिंधीसुदीक तिला द्यायची न्हाई." आणि धुरपदाबाईनं आतून आवाज दिला होता, "मी भी एकच लेक जलमाला घातली म्हणून समजते." का म्हणाली, तिलाच ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या शब्दाला शब्द लावायची सवय, दुसरं काय! पण बोललेलं परत गिळता येतंय थोडंच? त्या दिवसापासून घरात गीताचं नाव कुणी काढलं नाही.

आणि आता महिन्यामागं कमलबाईचा भाऊ पूर्णेहून आला आणि बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या गीताला पोरगी हाय की. दीड-दोन वर्साची. लय गोड हाय." झालं. तेव्हापासून धुरपदाबाईच्या डोक्यात एकच हिशेब होता. नातवंडं दोन आणि पटका एक.

"माय, काठ चार बोटं घाल बरं का," कस्तुरा पोराला पायावर घेऊन न्हाऊ घालत म्हणाली. "माझी सासू काठ बोटानं मोजती. जावंच्या माहेरून दोन बोटांची वाकळ आली, तं चार बायांत म्हणली, ह्यांच्या गावात कापडाचा काळ पडला व्हता काय? जाव अजून रडती."

धुरपदाबाईनं कापडावर चार बोटं ठेवली. मग दोन ठेवली. मग तीन ठेवून बघितली. पण तीन बोटांत दोघींचंही भागेना. कस्तुराला पूर्ण मान मिळेना आणि गीताच्या पोरीसाठी जी पट्टी उरायची, तिच्यात फार तर करगोटा झाला असता. आजवर शंभर वाकळींचे काठ तिनं डोळे मिटून ठरवले होते आणि पोटच्या पोरींच्या वेळेला हात अडला होता. तिला स्वतःचाच राग आला.

दुपारी कस्तुरा लेकराला घेऊन लवंडली, तशी धुरपदाबाई कात्री घेऊन ओसरीवर बसली. पटका मांडीवर ओढला आणि हळू आवाजात त्यालाच म्हणाली, "तुमी म्हणलाव चिंधी द्यायची न्हाई. बरं. चिंधी न्हाई देत. अर्धा पटका द्यायलेय. काय करायचं ते वर आल्यावर करा." आणि कात्रीनं चीर देऊन तिनं दोन्ही कडांच्या पट्ट्या मधोमध उभ्या फाडल्या. मेलेल्या माणसाची शपथ मोडली होती तिनं, आणि तीही त्याच्याच पटक्यानं.

सांजच्याला कमलबाई समोर शिवायला बसली. वाकळ दोघींनी समोरासमोर बसूनच शिवायची, एकीनं इकडून, एकीनं तिकडून. तिनं काठाला हात लावला आणि थबकली. "अगं बाई, दोनच बोटं?"

"कापड विरलंय."

कमलबाईनं पट्टी दोन्ही हातांनी खसकन ओढून बघितली. "विरलंय म्हणं! ह्या कापडानं हिरीत पडलेलं रेडकू वर येईल." मग तिनं धुरपदाबाईच्या तोंडाकडं बघितलं. काय दिसलं कोण जाणे. सुईत दोरा ओवला आणि दोन बोटांच्या काठाला पहिला टाका घातला.

पण कस्तुरा कशाची गप्प बसते! दुसऱ्या दिवशी काठ दिसला आणि तिनं घर डोक्यावर घेतलं. "साऱ्या गावाच्या वाकळींना चार बोटं काठ घालतीस, आन माझ्याच लेकराला दोन? अण्णा असते तं असं झालं असतं का? मी काय सावत्र हाय का गं?" धुरपदाबाई खाली मान घालून टाके घालत राहिली. खरं सांगावं तर बापाची शपथ मोडल्याचं पाप लेकीच्या डोक्यावर बसणार, न सांगावं तर ही अशी रडणार. इकडं आड, तिकडं विहीर. दोन दिवस कस्तुरानं आईच्या हातचा चहासुद्धा घेतला नाही. धुरपदाबाईला ते टोचत होतं, पण हातातली सुई तिनं थांबवली नाही. शेवटच्या कोपऱ्यात ज्वारीचे चार दाणे घातले, म्हणजे वाकळीचं पोट उपाशी राहत नाही, आणि गाठ मारली.

निघायच्या दिवशी स्टँडवर एसटी लागली. कस्तुरानं लेकरू एका खांद्यावर घेतलं, वाकळीचं गाठोडं दुसऱ्या. पायरीवर पाय ठेवला आणि तशीच वळली.

"माय, काल बाळाचं टोपडं बघायला पेटी उघडली मी. घडी करून ठेवलेल्या लाल पट्ट्या दिसल्या."

धुरपदाबाई तिच्या खांद्यावरचं गाठोडं सावरायला लागली.

"मी काय इचारत न्हाई," कस्तुरा म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "परभणीहून पूर्णेला सकाळच्या गाडीनं जा, दुपारच्याला लय गर्दी असती. आन सासूला मी सांगते, आमच्या बोरीत आता दोन बोटांचीच रीत निघाली हाय म्हणून. मोज म्हणावं किती मोजायचं ते."

एसटी निघून गेली तरी धुरपदाबाई तिथंच उभी होती. अशी लेक असताना आपण तिला खरं सांगायला भ्यालो, याची तिला लाज वाटली.

दुसरी वाकळ पंधरा दिवसांत झाली. तसंच धोतर, तसंच लुगडं, तसाच दोन बोटांचा काठ. कमलबाई रोज न बोलावता यायची, समोर बसून शिवायची आणि ही कुणाची म्हणून एकदाही विचारायची नाही.

पूर्णेला स्टेशनाबाहेर विचारत विचारत धुरपदाबाई रुळांच्या कडेच्या खोल्यांपाशी पोचली. दारात गीता तांदूळ निवडत बसली होती. तिनं वर बघितलं. सूप हातातून सुटलं आणि तांदूळ सगळ्या दारात सांडला. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा रडल्या की शेजारणी बाहेर आल्या. नागनाथ कामावर गेला होता. घर साधं होतं, पण स्वच्छ सारवलेलं. धुरपदाबाईला आत नेऊन गीतानं पाणी दिलं. पाणी पिता पिता बाईची नजर झोळीकडं गेली. झोळीत पोरगी झोपली होती आणि तिच्याखालून एका छोट्याशा वाकळीचा कोपरा लोंबत होता.

काठ लाल होता.

धुरपदाबाई उठली. तो कोपरा हातात घेतला, बोटांनी चोळला. सूत ओळखायला तिला काय डोळे लागत होते? टाके वाकडेतिकडे, नवशिक्या हाताचे. पण काठ चांगला रुंद होता. तिनं आपली चार बोटं त्याच्यावर ठेवली तरी वर जागा उरली.

"हे कुठलं गं?"

गीता पदरानं डोळे पुसत होती. "अण्णानी आणून दिलं. मुनी झाली तव्हा. पटक्याच्या घडीत घालून आणलं व्हतं तीन हात. म्हणले, काठ चार बोटं धर, कमी करू नको. आन सोताची बोटं ठेवून दाखवली. तीन डाव आले ते. कुणी भेटलं तं म्हणायचे, बैल बघायला आलोय."

धुरपदाबाई झोळीपाशी खाली बसली. "आन मला? मला कामून न्हाई सांगितलं?"

"म्हणले, तुझ्या मायला कळू देऊ नको. ती लय कडक हाय. एकच लेक हाय म्हणून बसली, आता मागं हटायची न्हाई. माझी भाकर बंद करल."

"मी कडक?" धुरपदाबाई ओरडलीच. "अगं, मी त्यांच्या भेवानं पाच वर्षं तुझं नाव काढलं न्हाई! उशीत तोंड घालून रडले, पण त्यांच्यापुढं नाव न्हाई काढलं! आन हे खुशाल बैल बघायलेत!"

एकाच घरात, एकाच चुलीपाशी बसून दोघं चार वर्षं एकमेकांना भ्यायली होती. दोघांतल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं, तर दोघं जोडीनं या दारात आली असती. आता भांडायला तो माणूसही राहिला नव्हता.

मग तिनं गाठोडं पुढं ओढलं, सोडलं आणि वाकळ गीताच्या मांडीवर ठेवली. पण काठावर तिनं आपला हात तसाच झाकून धरला.

"बघू की माय."

"काय बघतीस? त्यांनी चार बोटं दिली. बाप असून दिली, शपथ घालून दिली. आन मी माय असून दोनच बोटं मोजली गं तुला."

गीतानं तिचा हात हळूच बाजूला केला. त्या दोन बोटांच्या काठावरून, टाक्या-टाक्यावरून ती बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अण्णाला एकीलाच द्यायचं व्हतं, माय. तुला दोघींना द्यायचं व्हतं."

धुरपदाबाईनं लेकीकडं बघितलं. बाहेरून मालगाडी धडधडत गेली आणि झोळीतली पोरगी जागी झाली. उठून बसली आणि या अनोळखी म्हातारीकडं टकामका बघायला लागली. कपाळ थेट सुग्रीवचं.

"ढवळ्याच्या खुराला बांधला म्हणं," धुरपदाबाई रडता रडता हसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. "ये गं, माझे ढवळे. ये आजीकडं."