डावखुऱ्याचं पेन

मी धुळ्याच्या जीवराम कातारींच्या हातचं फाउंटन पेन. लाकडी खेळणी कातता कातता ते पेनं करू लागले. काळ्या एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, कांडी त्यांनी लेथवर चढवली आणि भुग्यातून मी बाहेर आलो. माझं अंग त्यांनी इतकं घोटलं की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसे. निब सोन्याची, विलायती.

मला करवून घेतलं जळगावचे कापसाचे व्यापारी ज्ञानचंद यांनी. ते डावखुरे. जीवरामांनी त्यांना समोर बसवून लिहायला लावलं, पुन्हा पुन्हा निब दगडावर घासली आणि मला त्यांच्याच हाताचं केलं. पुढे ज्ञानचंदांनी पत्नीला, चंदनबाईला, लिहायला शिकवलं. ती लिही उजव्या हाताने पाटीवर, पण वळणं त्यांचीच गिरवी.

एकोणीसशे अडतीसच्या उन्हाळ्यात ज्ञानचंद विषमज्वराने गेले. त्यांच्या आई, सूरजबाई, रडल्या नाहीत. लेकाचं ताट मात्र रोज वाढत राहिल्या.

दिवाळीनंतर चंदनबाईने मला उघडलं. उजव्या हातात मी कागद ओरबाडू लागलो. मग तिने मला डाव्या हातात धरलं आणि शाई सुरळीत उतरली. कागदावर डावीकडे कललेलं, ओळखीचं अक्षर उमटलं. सूरजबाई मागेच उभ्या होत्या.

"ग्यानाचं अक्षर," त्या म्हणाल्या. "बहू, लिही. 'आई, मी जेवलो' असं लिही."

चंदनबाईने लिहिलं. कशी नाही म्हणणार होती? त्या दिवसापासून रोज दुपारी कागद पुढे येऊ लागला. आई, मी बरा आहे. आई, ऊन फार आहे. आई, दार उघडं ठेव. मी लिहीत गेलो. तिची बोटं गार पडत, पण माझ्यावरची पकड ज्ञानचंदांची असे. अंगठ्याचा दाबही त्यांचाच. मलाही वाटू लागलं, तेच परत आले.

हळूहळू चंदनबाई डाव्या हाताने पाणी पिऊ लागली. एकदा पाठमोरी बसली असताना सूरजबाईंनी हाक मारली, "ग्याना."

आणि तिने "ओ" दिली.

दुसऱ्या दिवशी माहेरी जाते सांगून ती निघाली. चाळीसगावला गाडी बदलून धुळ्याला उतरली आणि मला जीवरामांसमोर ठेवलं.

"हे माझ्या उजव्या हाताचं करून द्या."

त्यांनी भिंगातून निब पाहिली. घासून द्यायला ते तयार होते, पण आपल्या अहिराणीत त्यांनी बजावलं, "हाई निब त्यासना हातनी शे, बाई. घासी दिसू. पन मंग ते अक्षर परत येवाव नही."

"नको यायला," ती म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

दगडावर मी करकरत राहिलो. टोकाची जी राखाडी धूळ पडली, ती जीवरामांनी पुसून टाकली. तिच्यात कोण होतं, मला ठाऊक नाही.

घरी येऊन चंदनबाईने सासूसमोर उजव्या हाताने लिहिलं. अक्षर सरळ, थोडं कापरं.

सूरजबाईंनी कागद उजेडाकडे धरला. "हे कुणाचं?"

"माझं, सासूजी."

"मग ग्याना?"

"ते गेले."

तेव्हा त्या म्हातारीने जमिनीवर बसून पहिल्यांदा हंबरडा फोडला. चंदनबाईने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. त्या संध्याकाळी ताटं दोनच वाढली गेली.

आता सत्तेचाळीस साल आहे. सूरजबाई नाहीत. चंदनबाई मुलींच्या शाळेत शिकवते, मला हातात धरून वह्या तपासते. पण एखादी रेघ ओढताना मी मध्येच अडतो, कुणीतरी बोट ठेवल्यासारखा. ती दाबत नाही. शाई पुन्हा येईपर्यंत थांबते.

तुमच्या हाती कधी गेलेल्या माणसाचं पेन आलं, तर तुम्हीही एवढं करा. घाई करू नका.